मुठीतला फ्यूज

त्या भागात तिला सगळे फ्यूजमावशी म्हणायचे, आणि तेही मागून नव्हे, तोंडावर. तिची लेक हीटर दुरुस्त करणारी. कुणाच्या घरची गरम पाण्याची टाकी रुसली की लेकीला बोलावणं जायचं, आणि लेकीबरोबर मावशी यायची, न बोलावता. लेक हत्यारांची बादली उचलून टाकीकडे जायची, मावशी विजेच्या बोर्डाकडे. हीटरचा चिनीमातीचा पांढरा फ्यूज ती स्वतःच्या हाताने उपसायची, उजव्या मुठीत धरायची आणि बोर्डाला पाठ लावून उभी राहायची. काम अर्ध्या तासाचं असो की चार तासांचं, बाई जागची हलायची नाही. खुर्ची दिली तर नको. चहा दिला तर डाव्या हाताने. एका घरी तिच्या पायांवरून मांजर गेलं, मागोमाग त्याची तीन पिल्लं गेली, तरी तिने खाली पाहिलं नाही.

लोक हसायचे, हसणारच. एखादा विचारायचा, "मावशी, फ्यूज काय पळून जाणार आहे?"

"फ्यूज नाही पळत," ती म्हणायची. "माणसं लावतात."

आणखी एक गंमत होती. दर चार-पाच मिनिटांनी ती खालून हाक घालायची, "आहेस?" आणि वरून, माळ्यावरून, मोरीतून, जिथे कुठे टाकी असेल तिथून लेक ओरडायची, "आहे!" एवढंच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, मायलेकी लपंडाव खेळतात की काय. लेकीला त्या हाकेचा कंटाळा यायचा, कधीकधी ती "नाही!" असंही ओरडायची, मग मावशी दिवसभर तिच्याशी बोलायची नाही.

हे सगळं कशापायी, ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं; लोकांची उत्सुकता ताणून धरण्यात मला काही मजा वाटत नाही. मावशीचा नवराही हीटरवालाच होता. उंच, गप्प, कामात नेटका. त्याची एक पद्धत होती. काम संपलं की हत्यारं पुसून पिशवीत भरायची आणि पिशवी दाराबाहेर आणून ठेवायची. पिशवी बाहेर म्हणजे काम फत्ते. त्याला विचारावंसुद्धा लागायचं नाही. मावशी रोज दुपारी, तो असेल त्या घरी डबा घेऊन जायची आणि लांबूनच बघायची, पिशवी बाहेर आली का.

सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी पिशवी बाहेर होती. त्या घरात सगळ्याला मिळून एकच फ्यूज, त्यामुळे पंखा बंद, दिवा बंद, आणि तिथली बाई घामाघूम झालेलं तान्हं बाळ घेऊन फेऱ्या मारत होती. बाळाचं रडणं काळीज चिरत होतं. मावशीने पिशवी पाहिली, बोर्डावर ठेवलेला फ्यूज पाहिला, आणि लावून टाकला. दिवा लागला, पंखा फिरला, बाळ गप्प झालं. आतून काही आवाजच आला नाही.

पिशवी त्याने ठेवलीच नव्हती. घरातलं मोठं मूल दुडुदुडु येऊन हत्यारं तोंडात घालील म्हणून त्या घरच्या बाईने ती गोळा करून पिशवीत भरली होती आणि पिशवी दाराबाहेर सरकवली होती. तो एकच पाना घेऊन शेवटचा आटा आवळायला परत आत गेला होता.

मृत्यूच्या कागदावर लिहिलं गेलं, "चुकून फ्यूज लावला गेला." कुणी लावला हे कुणी विचारलं नाही. ती बाई बाळाकडे तोंड करून होती, तिने काही पाहिलं नव्हतं; दोन महिन्यांत ते कुटुंब घर सोडून गेलं. लेक तेव्हा चार वर्षांची. सात वर्षांची झाल्यावर तिने विचारलं, "बाबांच्या वेळी फ्यूज त्या घरातल्या बाईनं लावला ना?" आणि मावशी म्हणाली, "हं."

त्या एका हुंकाराला मावशी पुढे चोवीस वर्षं सांभाळत बसली. लेक मोठी होताना त्या बाईला शिव्या घालायची, मावशी भांडी घासत राहायची. सतराव्या वर्षी लेकीने बापाचं काम शिकायचं ठरवलं, तेव्हा मावशीने चार दिवस अन्न सोडलं. पाचव्या दिवशी उठून म्हणाली, "शीक. पण दोन गोष्टी. बोर्डापाशी मी उभी राहणार. आणि हत्यारांना पिशवी नाही."

"मग काय, डोक्यावर घेऊन हिंडू?"

"बादली घे."

लेक हसली. बादली तर बादली. तेव्हापासून मावशीला दोन भीती. एक लेकीच्या हातांची, ते तारांपाशी असताना. दुसरी लेकीला कळण्याची. त्यातली जास्त मोठी कुठली, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं, कारण उत्तराचीही तिला भीती वाटायची.

घड्याळवाल्यांच्या घरचं बोलावणं आलं ते सोमवारी. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, एकटा माणूस. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे उजवा डोळा सदा किंचित मिटलेला. घरभर घड्याळं टांगलेली आणि सगळी पुढे. कुठलं पाच मिनिटं, कुठलं सात.

"मुद्दाम ठेवलीत," ते म्हणाले. "मागे पडण्यापेक्षा पुढे असलेलं बरं. तुमचं काम किती वेळाचं?"

"हीटर एकोणीस वर्षांचा आहे म्हणता," लेक म्हणाली. "तासही लागेल, दिवसही लागेल. त्याच्या मर्जीवर आहे, आजोबा."

बोर्ड खाली जिन्याच्या पोटात होता. टाकी वर, बोळाच्या टोकाला असलेल्या कपाटाएवढ्या खोलीत. मावशीने फ्यूज उपसला, मूठ मिटली, पाठ टेकवली. अडीच वाजले होते. लेकीने वर जाऊन हीटरचं झाकण उघडलं, तारांना टेस्टर लावला. दिवा लागला नाही. तिने तारा सोडवल्या, त्यांची उघडी टोकं बाजूला वाकवली आणि कामाला लागली. म्हणजे तिने टेस्टर लावला नाही, असं कुणी म्हणू नये. लावला होता. त्या क्षणी तारा मेलेल्याच होत्या.

अडकलेला हीटर काढणं हे दात काढण्यासारखं काम. टाकी तांब्याची, पत्रा पातळ. हीटर तळाकडे स्क्रूसारख्या आट्यांनी बसवलेला आणि एकोणीस वर्षांच्या क्षाराने त्या आट्यांचा दगड झालेला. नवशिका आधी टाकी रिकामी करतो, मग पान्याला लटकतो, आणि रिकाम्या टाकीचा पत्रा ओल्या फडक्यासारखा पिळवटून निघतो. म्हणून पहिला हिसका टाकी भरलेली असतानाच द्यायचा, पाण्याचं वजन पत्र्याला धरून ठेवतं. हे लेकीला बापाच्या जुन्या जोडीदाराने शिकवलं होतं. तिने हीटरच्या कडेने तेल सोडलं, वाट पाहिली, मोठा पाना चढवला आणि हिसका दिला. काही नाही. पुन्हा तेल. हातोडीने कडेकडेने ठोकलं. आधी थोडं आवळून पाहिलं, मग सोडवून. ढिम्म.

"आहेस?"

"आहे!"

तीन वाजले. साडेतीन वाजले. घड्याळं एकामागून एक टोले देत होती, एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याचं सुरू. दर टोल्याला मावशी मूठ आणखी आवळायची. तिला हे घर पहिल्यापासून आवडलं नव्हतं. कारण सांगता आलं नसतं. भिंतीवरून जुन्या तारा गेल्या होत्या, एकीवर एक रंग चढवलेल्या, आणि त्यांतली एक बोर्डाकडे न येता मागच्या दाराकडे वळली होती. ती तार तिने अडीच वाजताच पाहिली होती. दाराच्या घंटीची असेल, असं मनाशी म्हणून तिने नजर काढून घेतली होती. घाबरट माणसाला स्वतःच्या भीतीची लाज वाटते, मग ज्या वेळी विचारायला हवं नेमकं त्याच वेळी तो गप्प बसतो.

चार वाजता लेक वरून ओरडली, "आई, कडेने पाणी झिरपतंय! म्हणजे हललाय थोडा!"

"मग ये खाली. पाणी पी."

"आता नाही. आता सोडला तर परत धरेल."

आणि ठोकाठोक वाढली. अख्खं घर दणाणायला लागलं.

पावणेपाचच्या सुमाराला घड्याळवाले चहा घेऊन आले. मावशीने डाव्या हाताने कप घेतला. त्यांनी वर पाहिलं आणि सहज म्हणाले, "म्हणजे आज पाचचं पाणी हुकलं म्हणायचं."

"कसलं पाचचं?"

"रोज पाचला आपोआप तापायला लागतं ना." त्यांचा चेहरा खुलला. "मीच केलंय. मागच्या खोलीत घड्याळ बसवलंय, ते पाचवर आलं की टाकीला करंट सोडतं. सहाला आंघोळीचं पाणी तयार. अठरा वर्षं झाली, एक दिवस चुकलेलं नाही."

मावशीने ओठांशी नेलेला कप तसाच खाली घेतला. "मागच्या खोलीतून? ह्या बोर्डावरून नाही?"

"नाही हो. ती लाइन निराळी, वर टाकीपाशी ह्याच तारांना येऊन मिळते. हे घर दोन वेळा बांधलेलं ना, मागे वेगळा मीटर आहे."

"सांगितलं का नाही तुम्ही?"

"तुम्ही फ्यूज काढून उभ्याच राहिलात," म्हातारा गोंधळून म्हणाला. "मला वाटलं, सगळं बंद झालं. आणि पाचपर्यंत तुमचं आटपेल, असं..."

"किती वाजले?"

त्यांनी मनगट पाहिलं. "पावणेपाच होऊन दोन मिनिटं झाली. भरपूर वेळ आहे. फक्त ते मागचं घड्याळ जरा पुढे असतं."

"किती?"

"तेच सगळ्यांत पुढे ठेवलंय. दहा मिनिटं. बारा असतील."

मावशीला हिशेब करता येईना. आकडे डोक्यात आले की पळून जात होते. हातात कदाचित तीन मिनिटं होती, कदाचित तेवढीही नव्हती. वर लेक गुडघ्याएवढ्या जागेत ओल्या फरशीवर बसली होती, आणि ती वाकवलेली तारांची उघडी टोकं तिच्या कानाशी होती.

"आहेस?" ती ओरडली. वरून फक्त हातोडी. "अगं बाहेर ये! बाहेर ये!" हातोडी.

"थांबा, मी जाऊन बंद करतो की," घड्याळवाले म्हणाले आणि वळले. "बटण आहे तिथे."

"एकच आहे?"

"दोन आहेत. एकाने बंद होतं, एकाने घड्याळ टाळून थेट चालू होतं. हल्ली हात लावावा लागत नाही, त्यामुळे... डावं. बहुतेक डावं."

बहुतेक! पोर तारांत बसलेली, आणि एक भला माणूस, मदत करायच्या बुद्धीने, बटण दाबायला निघालेला. तिच्या डोळ्यांसमोर तो पंखा फिरला, ते बाळ गप्प झालं.

"कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की म्हातारा भिंतीला जाऊन टेकला. "इथे उभे राहा. हात मागे बांधा. मागे!"

त्यांनी शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधले. आणि मावशीने लेकीच्या कामाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोर्ड सोडला.

चौदा पायऱ्या. तिला त्या एक-एक आठवतात. तिसऱ्या पायरीवर कप सुटला, सातव्या पायरीवर डाव्या पायातली चप्पल गेली. गुडघे दुखायचं विसरले होते. बोळात फरशी ओली होती, ती घसरली, भिंतीला धरून उठली. खोलीच्या दारातून लेकीचे पाय तेवढे दिसत होते, बाकी लेक टाकीच्या मागे. मावशीने दोन्ही घोटे धरले, फ्यूज मुठीत तसाच होता, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं.

"अगं आई! सुटत आला होता ना! वेड लागलं का तुला?"

मावशी नुसती मुठीने तारांकडे दाखवत राहिली. लेकीला वाटलं, आईला काहीतरी होतंय. तिने पाना टाकला आणि आईचे खांदे धरले. तेवढ्यात आत चट्ट झालं. एका तारेचं टोक ओल्या तांब्याला जेमतेम लागत होतं, तिथून निळी ठिणगी उडाली आणि जळका वास आला.

दोघी बोळात बसून त्या तारेकडे बघत राहिल्या. मग लेकीने खिशातून टेस्टर काढला, जाऊन हात लांब करून लावला. इवलासा दिवा लागला. दुपारी तिने हाच टेस्टर ह्याच तारेला लावला होता. बारा वर्षं काम करणारी पोर टेस्टर खिशात ठेवायचं विसरली.

"माझं डोकं तिथे होतं," लेक म्हणाली. "तिथेच. आता."

ती उठली ती बादली घेऊन तरातरा खाली. मागच्या खोलीत जाऊन तिने तिथला फ्यूज उपसला, घड्याळाच्या तारा कापून टाकल्या आणि परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. घड्याळवाले अजून भिंतीशी हात मागे बांधून उभे होते. मावशी एका चपलेनिशी जिना उतरत होती.

"आजोबा, मी मेले असते," लेक म्हणाली. "कळतंय तुम्हाला? तुमच्या पाचच्या पाण्यासाठी."

"माझी चूक झाली, पोरी. माझ्या ध्यानातच..."

"ध्यानात! तुमच्यासारख्याच एका बाईच्या ध्यानात नव्हतं. माझा बाप आत होता आणि तिनं फ्यूज लावला. पंखा हवा होता तिला. चार वर्षांची होते मी. मेली कुठे तोंड काळं करून गेली, कधी साधी चौकशीसुद्धा केली नाही. तुमच्यासारखी माणसं..."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण हात मागेच होते, पुसायलाही त्यांनी पुढे आणले नाहीत. मावशी शेवटच्या पायरीवर उभी राहून ते बघत होती. त्या दुसऱ्या बाईचा चेहरा तिला आता नीटसा आठवतही नव्हता. फक्त बाळाला थोपटणारा एक हात आठवत होता. तो हात इतकी वर्षं शिव्या खात होता.

"तिनं नाही लावला," मावशी म्हणाली.

लेक वळली. "काय?"

"त्या बाईनं नाही लावला. मी लावला."

लेकीने हातातली बादली पायरीशी ठेवली.

"पिशवी बाहेर होती. ह्यांची पिशवी बाहेर आली म्हणजे काम झालं, असं असायचं. ती त्या बाईनं भरून ठेवली होती, मला काय माहीत. बाळ रडत होतं. मी लावला फ्यूज. ह्याच हातानं." तिने मूठ पुढे केली. आत पांढरा फ्यूज होता, घामाने ओला. "तू विचारलंस तेव्हा मी हं म्हटलं. मग पुढे सांगायचा धीरच झाला नाही मला. भीती वाटली, तू मला आई म्हणणार नाहीस."

लेकीने आईकडे पाहिलं, मग पायरीशी ठेवलेल्या बादलीकडे पाहिलं.

"म्हणून बादली," ती म्हणाली.

"हो."

मागच्या खोलीचा फ्यूज तिच्या हातात होता. दरवेळी काढलेली प्रत्येक वस्तू ती आईच्या हवाली करायची. तिने तो हातात फिरवला, स्वतःच्या खिशात घातला, बादली उचलली आणि वर निघून गेली.

मावशी पुन्हा बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. दुसरं तिला येत काय होतं? घड्याळवाल्यांनी हळूच हात सोडले, तिची चप्पल शोधून आणून पायाशी ठेवली आणि फुटलेल्या कपाचे तुकडे वेचायला लागले. तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, ह्याबद्दल ती त्यांचे उपकार मानते.

वरून पुन्हा हातोडी ऐकू आली. मग थांबली. मग पान्याच्या दांड्यावर नळी चढवल्याचा आवाज, आणि एक लांब कर्र आवाज, दुखऱ्या दातासारखा. सुटला. एरवी लेक अशा वेळी "आई, सुटला गं!" म्हणून घर डोक्यावर घ्यायची. आज हूं की चूं नाही. खिडकीतून नळी सोडली गेली, टाकीचं पाणी बाहेर गटारात पडायला लागलं.

"आहेस?" मावशीने हाक घातली.

उत्तर आलं नाही. पाणी पडत राहिलं.

ती थांबली. पाच मिनिटं झाली असतील. "आहेस?"

बादलीत काहीतरी टाकल्याचा आवाज आला. म्हणजे होती. पण बोलली नाही. मावशीने स्वतःला समजावलं की आवाज येतोय म्हणजे हात चालतायत, हात चालतायत म्हणजे जिवंत आहे. तारा मेलेल्या आहेत, दोन्ही फ्यूज बाहेर आहेत, एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. पुन्हा पुन्हा तेच. तिची भीती कमी झाली नाही, नुसती जागा बदलून बसली. इतके दिवस तिला वाटायचं, पोर गेली तर विजेने जाईल. पोर वर धडधाकट असताना, चौदा पायऱ्यांवर असतानाही जाऊ शकते, हे तिला आज कळत होतं.

आटे घासल्याचा आवाज. नवा वॉशर. नवा हीटर आधी हाताने फिरवला, मग पान्याने. टाकी भरायला लागली. ते भरणं फार वेळ चाललं. बाहेर उजेड कलला, घड्याळवाल्यांनी दिवा लावू का, असं नुसत्या खुणेने विचारलं आणि मावशीने मान हलवली तशी ते बटणापासून चार पावलं लांब जाऊन बसले. तिसऱ्यांदा "आहेस?" विचारायला ती तोंड उघडायची आणि मिटायची. उत्तर न येण्यापेक्षा न विचारणं सोपं होतं.

आता लेक खाली येईल, हे तिला माहीत होतं. दरवेळी तसंच. काम झालं की लेक खाली यायची, आईच्या मुठीतून फ्यूज घ्यायची, स्वतः लावायची आणि धावत वर जाऊन बघायची, दिवा लागला का, कुठे गळतंय का. मावशीने त्या दुपारनंतर कधी कुठलाच फ्यूज लावला नव्हता. स्वतःच्या घरचासुद्धा नाही. आज लेक येईल, हात पुढे करील, आणि तो हात पुढे करताना तिचा चेहरा कसा असेल, हे मावशीला बघावंसं वाटत नव्हतं.

पावलं जिन्यापर्यंत आली आणि वरच थांबली.

"आई."

"हां."

"लाव."

मावशीला वाटलं, कान वाजले. "काय म्हणालीस?"

"फ्यूज लाव. मी इथून बघते, गळतंय का."

"तू ये खाली. तू लाव नेहमीसारखा."

"मी नाही येणार. तू लाव."

ह्यात राग होता, की शिक्षा होती, की आणखी काही, हे मावशीला आवाजावरून कळेना, आणि मलाही सांगता येणार नाही. तिने मूठ उघडायचा प्रयत्न केला. बोटं आखडली होती, डाव्या हाताने एक-एक सोडवावं लागलं. तळव्यावर फ्यूजच्या कडांचे दोन लाल वळ उठले होते. ती बोर्डाकडे वळली. इतकी वर्षं पाठ लावून उभी राहिली, पण त्याच्याकडे तोंड करून उभं राहायची तिला सवय नव्हती.

"बादली कुठाय?" तिने विचारलं.

"इथे, माझ्यापाशी."

"झाकण लावलंस?"

"लावलं."

"तू कुठे आहेस?"

"बोळात. टाकीपासून लांब."

"हात कुठे आहेत तुझे?"

वर पाना खाली ठेवल्याचा आवाज. मग, "मागे बांधलेत."

घड्याळवाले उठून उभे राहिले. मावशीने फ्यूज खाचेसमोर धरला. पहिल्यांदा तो कडेलाच आदळला. तिने डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटून लावणं जास्त भयंकर वाटलं. आणि तिने तो आत दाबला.

काहीच झालं नाही. दिवा नाही, पंखा नाही, ह्या बोर्डावर फक्त हीटर होता. वरून आवाज नाही. घरातली सगळी घड्याळं चालू होती आणि त्यांच्यामध्ये मावशी कान देऊन उभी होती. तिला विचारायचं होतं. ही शांतता तिच्या ओळखीची होती. एकदा अशाच शांततेत तिने हातातला डबा उघडायला घेतला होता.

मग वरून, तिने न विचारताच, लेकीचा चिडका आवाज आला.

"आहे!"